पानांचं शिल्प : किती मिटायचं, किती उघडं ठेवायचं

१९६४ साली ब्रसेल्समध्ये मार्सेल ब्रूदार्स नावाच्या कवीने आपल्याच कवितासंग्रहाच्या न खपलेल्या पन्नास प्रती उचलल्या आणि प्लास्टरच्या ढेकळात अर्ध्याअधिक गाडून टाकल्या. सोबत प्लास्टिकचे दोन-चार चेंडू. संग्रहाचं नाव ‘पाँस-बेत’, म्हणजे आठवण राहावी म्हणून केलेली खूण. हे सगळं त्याने प्रदर्शनात शिल्प म्हणून मांडलं. कविता वाचायच्या तर प्लास्टर फोडायचं, म्हणजे शिल्पावर पाणी सोडायचं. शिल्प राखायचं तर कविता विसरायच्या. आत नक्की काय लिहिलंय याची चौकशी फारशी कुणी केलीच नाही, अशी नोंद ब्रूदार्सने पुढे केली आहे. चाळिशीतल्या या कवीची दृश्यकलेतली कारकीर्द तिथून सुरू झाली.

पुस्तकाचं शिल्प करायला बसलेल्या प्रत्येकापुढे पहिल्याच दिवशी हा पेच येतो. कात्री कुठली, रंग कुठला, हे प्रश्न नंतरचे. आधी ठरवायचं असतं ते एवढंच, की काम पुरं झाल्यावर या पुस्तकातलं काय उघडता येईल आणि काय कायमचं मिटेल. गोंद, अस्तर, रंग, काचेची पेटी, सगळं त्या उत्तरावर अवलंबून आहे.

आर्टिस्ट बुक म्हणजे चित्रकारावर लिहिलेलं पुस्तक नव्हे. चित्रकाराने कलाकृती म्हणून केलेलं पुस्तक. एड रुशे या अमेरिकन चित्रकाराने १९६३ मध्ये २६ पेट्रोल पंपांच्या फोटोंचं साधंसं पुस्तक प्रसिद्ध केलं. पहिल्या आवृत्तीच्या प्रती ४००. त्याच्या पन्नास वर्षं आधी, १९१३ मध्ये पॅरिसमध्ये सोनिया देलोने आणि कवी ब्लेझ सांद्रार यांनी सैबेरियातल्या रेल्वेप्रवासाच्या कवितेला दोन मीटर लांबीच्या रंगीत घडीत बसवलं. ठरवलेल्या १५० प्रती उलगडून एकावर एक उभ्या केल्या तर आयफेल टॉवरची उंची भरावी, असा हिशोब होता. म्हणजे पुस्तकाला उभं करण्याची हौस या प्रकारात सुरुवातीपासून आहे.

आपल्याकडे प्रदर्शन आटोपलं की अशा पुस्तकांच्या उरलेल्या, छपाईत बिघडलेल्या किंवा कोपरे दुमडलेल्या प्रती पोटमाळ्यावर जातात. शिल्पासाठी हाच कच्चा माल सगळ्यात चांगला.

कुठलं पुस्तक घ्यावं, कुठलं घेऊ नये

पहिली पसंती स्वतःच्या पुस्तकाला, तीही किमान एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवून. दुसऱ्या कलाकाराचं पुस्तक विकत घेतलेलं असलं, तरी त्याची लेखी संमती घेतलेली बरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ असं सांगतं, की कलाकृतीची मोडतोड किंवा विपर्यास झाल्यामुळे कर्त्याच्या नावलौकिकाला बाधा येत असेल, तर हक्क विकल्यानंतरही तो दाद मागू शकतो. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकण्यात आलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कलमाच्या आधारे सहगल यांच्या बाजूने निकाल दिला. शिल्पाचे अवशेष आणि पाच लाख रुपये भरपाई त्यांना द्यायला सांगितली.

ग्रंथालयाची प्रत नकोच नको. लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकवणाऱ्या जॉन लेथमने १९६६ मध्ये तिथल्या ग्रंथालयातून क्लेमेंट ग्रीनबर्ग या समीक्षकाचं ‘आर्ट अँड कल्चर’ घरी नेलं, पाहुण्यांना बोलावलं आणि पानं चावून थुंकायला लावली. त्या चोथ्यावर रासायनिक प्रक्रिया करून झालेला द्रव त्याने बाटलीत भरला. ग्रंथालयाने पुस्तक परत मागितलं, तेव्हा हा गृहस्थ ती बाटली घेऊन हजर! नोकरी गेली. बाटली, पत्रव्यवहार आणि ते सगळं ठेवलेली चामड्याची पेटी आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

घरातली जुनी हस्तलिखित पोथी कापणं हा करंटेपणा तर आहेच, शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तूत मोडतं. आणखी एक सावधगिरी रद्दीच्या दुकानात. एकोणिसाव्या शतकातला झगझगीत हिरव्या कापडी बांधणीचा विलायती ग्रंथ हाती लागला, तर त्याला पॉलिश पेपर लावू नये. त्या काळच्या ‘एमरल्ड ग्रीन’ रंगात आर्सेनिक, म्हणजे सोमल, असे. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयात २०१९ पासून अशा विषारी बांधण्यांचा शोध पद्धतशीर सुरू आहे.

आधी कागदाची ओळख

पुस्तक ठरलं की त्यातल्या एका निरुपयोगी पानावर चार परीक्षा घ्याव्यात. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचे आठ दिवस वाचतात.

पहिली परीक्षा पाण्याची. गुळगुळीत आर्ट पेपरवर चिनी मातीसारख्या खनिजाचा लेप असतो. तो ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना चिकटतात आणि पुस्तकाची वीट होते. मिटलेलं शिल्प करायचं असेल तर ही वीट कामाची. पानं हलती ठेवायची असतील तर आर्ट पेपरला पाणी दाखवूच नये. साधा मॅपलिथो कागद पाणी पितो, फुगतो, पण गोंद आणि अस्तर चांगलं धरतो.

दुसरी परीक्षा शाईची: ओल्या कापसाचा बोळा अक्षरांवरून फिरवावा. ऑफसेट आणि लेझर छपाई सहसा तग धरते, घरगुती इंकजेटची शाई पसरते. तिसरी परीक्षा तंतूंच्या दिशेची. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओलसर केला की तो सुरळीसारखा वळतो. सुरळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला कागदाचे तंतू. घडी त्या दिशेला समांतर पडली तर स्वच्छ बसते, आडवी पडली तर फुटते. कागद फुगतो तोही मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेने.

चौथी परीक्षा बांधणीची. जुजबांधणीचं, म्हणजे फर्मे शिवून बांधलेलं, पुस्तक सपाट उघडतं आणि ओढाताण सोसतं. नुसत्या गोंदावर पाठ चिकटवलेलं पुस्तक दोन-चारदा ताणलं की पानं सोडायला लागतं. ते कोरण्यासाठी किंवा गाडण्यासाठीच ठेवावं.

तीन वाटा

पहिली वाट पुस्तक उभं करण्याची. घडीचं पुस्तक पडद्यासारखं उभं राहतं आणि त्याचं प्रत्येक पान रंगवायला भिंत होतं. राजस्थानात चित्तोडगडजवळच्या बस्सी गावचे सुतार अशीच एक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत: कावड. लाकडाचं छोटं देवघर, एकामागून एक उघडणारी दारं, प्रत्येक दारावर चित्रं. कावडिया भाट एकेक दार उघडत गोष्ट सांगत जातो आणि शेवटच्या दारामागे देव भेटतो. बडोद्याचे चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांनी २००८ मध्ये हाच आकार मोठा करून ‘कावड : ट्रॅव्हलिंग श्राइन : होम’ ही कलाकृती केली. पुस्तक, शिल्प आणि चित्र यांची सरहद्द कुठे, असा प्रश्न कावडीला कधी पडलेलाच नाही.

घडीचं पुस्तक उभं करताना पानामागे दोन मिलिमीटरचा पुठ्ठा लावावा आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये मांजरपाटाची पट्टी बिजागरीसारखी चिकटवावी. नवशिक्यांची चूक इथेच होते. दोन पुठ्ठ्यांमध्ये त्यांच्या एकत्रित जाडीएवढी फट सोडली, की गणित जमलं असं वाटतं. पण त्यावर अस्तराचे आणि रंगाचे थर चढले की दार मिटेनासं होतं. फटीत एक मिलिमीटर जादा सोडावा. बिजागरीच्या पट्टीवर जाड अस्तर देऊ नये. पातळ अ‍ॅक्रेलिक रंगाचा एक हात पुरतो, कारण तो वाळल्यावरही लवचिक राहतो. खडूचं अस्तर तिथे पहिल्याच उघडझापीत तडकतं.

दुसरी वाट कोरण्याची. अमेरिकेतला ब्रायन डेटमर जुन्या विश्वकोशांच्या कडा आधी रोगणाने बंद करतो आणि मग वरून एकेक पान कापत आत उतरतो. आतली चित्रं आणि शब्द जागच्या जागी राहतात. तो बाहेरून काही आणून चिकटवत नाही. कॅनडातला गी लारामे ग्रंथांच्या थप्पीतून डोंगरदऱ्या कोरतो आणि त्यावर रंग चढवतो. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाची छापील आवृत्ती बंद होत असल्याचं २०१२ मध्ये जाहीर झालं, त्यानंतर त्याने ब्रिटानिकाच्या खंडांतून कोरलेल्या डोंगराला नाव दिलं ‘अद्यू’, म्हणजे अखेरचा निरोप. दुरून पाहणाऱ्याला कडेकपारी दिसतात, जवळ गेल्यावर त्या कडांमध्ये पानांच्या रेषा.

घरच्या घरी कोरायचं असेल तर पुस्तक दोन फळ्यांमध्ये बाइंडरच्या शिकंज्यात आवळावं आणि तिन्ही कडांना फेविकॉलसारखा पांढरा गोंद निम्मं पाणी घालून ब्रशने दोनदा लावावा. एक दिवस तसंच ठेवावं. मग सर्जिकल ब्लेडने, एका वेळी चार-पाच पानांहून जास्त न कापता, उतरत जावं. बोथट पातं कागद फाडतं आणि बोटही. त्यामुळे पाती बदलण्यात काटकसर नको. खोल उतारासाठी सुताराची धारदार पटाशी चालते. कड घासताना उडणारी भुकटी बारीक असते, तोंडाला मास्क हवाच.

तिसरी वाट गाडण्याची. ब्रूदार्सच्या चार वर्षं आधी, १९६० मध्ये, त्याच जॉन लेथमने ‘फिल्म स्टार’ हे काम केलं. कॅनव्हासवर प्लास्टर आणि धातूची तार, त्यात रुतलेली पुस्तकं, आणि त्या पुस्तकांची पानं रंगवलेली. पुस्तकं रुतलेली होती, पण पानं उलटत होती. वेगवेगळ्या पानांवर उघडली की शिल्पाचा रंग बदलायचा. लेथमने ते बदल कॅमेऱ्यात टिपून त्याची फिल्मही केली. ब्रूदार्सने मिटवलं, लेथमने उघडं ठेवलं. साहित्य जवळपास तेच.

प्लास्टर अर्ध्या तासाच्या आत घट्ट होतं, पण त्यातलं पाणी वाळायला कित्येक दिवस लागतात आणि तेवढा काळ ते पुस्तक पीत राहतं. म्हणून गाडायचा भाग आधी लाखेच्या पॉलिशने बंद करून घ्यावा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कागद फुगवत नाही, हा तिचा मोठा गुण; कागदाला पिवळट झाक देते, हा दोष. तळाला प्लायवूड, त्यावर जाळी, मग प्लास्टर. जाळी आणि तार लोखंडी असेल तर काही महिन्यांत तांबूस डाग वर येतात. पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची वापरावी.

ज्यांना कापवत नाही आणि गाडवतही नाही, त्यांच्यासाठी छायाचित्रकार दयानिता सिंग यांचा मार्ग आहे. ‘म्युझियम ऑफ चान्स’ या २०१४ च्या पुस्तकाच्या प्रतींना त्यांनी वेगवेगळी मुखपृष्ठं दिली आणि त्या लाकडी चौकटींत बसवून भिंतीवर मांडल्या. पुस्तक चौकटीतून काढलं की पुन्हा पुस्तक. रंगवायची ती चौकट रंगवावी, पुस्तकाला हातही लावू नये.

लगदा, खळ आणि खडू

पुस्तकाच्या सपाट पानांना खांदा, कडा, उंचवटा द्यायचा असेल तर बाहेरून काही आणण्यापेक्षा त्याच पुस्तकाच्या कापलेल्या तुकड्यांचा लगदा वापरावा. कागद रात्रभर भिजत घालायचा, मिक्सरमध्ये वाटायचा, कापडात घट्ट पिळायचा आणि त्यात खळ, थोडा पांढरा गोंद आणि खडूची भुकटी मळायची. कागदी लगद्याच्या गणेशमूर्ती करणाऱ्या कारागिरांना हे सांगायला नको. लगद्याचा थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड देऊ नये. पहिला खडखडीत वाळल्यावर दुसरा. जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि मग बुरशी येते.

जुने बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालत, किडीने पुस्तक खाऊ नये म्हणून. मोरचूद विषारी आहे. ते वापरायचं तर भांडं, पळी आणि शेगडी स्वयंपाकघराच्या बाहेरची हवी, आणि घरात लहान मूल असेल तर नकोच.

अस्तराचं शास्त्र सावंतवाडीच्या गंजिफांत पाहावं. तिथले चितारी पत्त्याच्या कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूचं अस्तर देऊन घोटतात, मग रंगवतात आणि शेवटी लाखेचं रोगण चढवतात. हातात खेळवायची वस्तू वर्षानुवर्षं टिकवण्याचा हा अनुभव पुस्तकालाही लागू पडतो: खळ धरून ठेवते, खडू भोकं बुजवतो, घोटाई गुळगुळीत करते, रोगण पाणी अडवतं. आज बाजारात मिळणारा अ‍ॅक्रेलिक जेसो यांतली पहिली दोन कामं एकत्र करतो. त्याचे दोन पातळ हात द्यावेत, मध्ये ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासावं.

अस्तर आणि रंग वाळताना आकसतात आणि कागदाला आपल्याकडे ओढतात. एकाच बाजूने रंगवलेला पुठ्ठा म्हणूनच ताटलीसारखा वाकतो. उपाय सोपा: जेवढे हात पुढून, तेवढे मागून. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेतल्या, चित्रसंचाला ‘पोथी’च म्हणतात आणि त्यातली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. त्यामुळे एका पानाची दोन्ही अंगं कामी येतात आणि दोन्हीकडून सारखा ताण राहून पानही ताठ राहतं. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा पिंगुळीचं नाव देशभर पोचलं.

रंग : झाकायला की दाखवायला

अपारदर्शक रंगाने पुस्तक पुरतं झाकलं तर उरतो नुसता आकार. मग तो लाकडाचा केला असता तरी चाललं असतं! अक्षरं जिथे दिसायला हवीत तिथे पातळ, पारदर्शक हात द्यावेत. टॉम फिलिप्स या इंग्रज चित्रकाराने १९६६ मध्ये तीन पेन्सला एक विस्मृतीत गेलेली कादंबरी विकत घेतली आणि तिचं पानन्‌पान रंगवताना मोजकेच शब्द उघडे ठेवले. त्या शब्दांतून वेगळीच गोष्ट तयार झाली: ‘अ ह्युमुमेंट’. हे काम त्याने पन्नास वर्षं चालवलं. शेवटची आवृत्ती २०१६ ची. शिल्प रंगवणाऱ्याने त्याच्याकडून एक सवय घ्यावी. ब्रश उचलण्याआधी राखायच्या शब्दांभोवती पेन्सिलीने कुंपण घालावं.

कोऱ्या कागदावर थेट तैलरंग लावू नये. तेल कागदात झिरपतं, भोवती पिवळं वलय पडतं आणि काही वर्षांत तो भाग ठिसूळ होतो. तैलरंगच हवा असेल तर खाली अस्तराचे दोन हात पक्के. अ‍ॅक्रेलिक सोयीचा, पण पातळ करायला पाण्याऐवजी अ‍ॅक्रेलिक मीडियम वापरलं तर पानं कमी लाटतात. पानांच्या कडा रंग फार पितात. सपाट भागावर जो निळा दिसतो तो कडेवर काळपट होतो. तिथे आधी गोंदाचा पातळ हात द्यावा.

कडांचा आणखी एक खेळ आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचं एडवर्ड्स घराणं पुस्तकाच्या कडेवर चित्र रंगवून त्यावर सोनेरी मुलामा चढवत असे. पुस्तक मिटलेलं असताना फक्त सोनं. पानं पंख्यासारखी तिरकी केली की खालून गाव, नदी, पूल. शिल्पाचा एखादा भाग असा ठेवता येतो. पानं तिरकी करून शिकंज्यात आवळायची आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने रंगवायचं. ब्रश ओला झाला की रंग आत धावतो आणि पानं चिकटतात.

अ‍ॅक्रेलिकने रंगवलेली दोन पानं वाळल्यावरही, विशेषतः मे महिन्यात, एकमेकांना चिकटतात. सोडवायला गेलं की रंगाचे पापुद्रे निघतात. उघडझाप करायची पानं असतील तर आठवडाभर मध्ये बटर पेपर ठेवावा आणि नंतर मेणाचा अगदी पातळ हात देऊन मऊ कापडाने घोटावं.

पहिला पावसाळा

मुंबईत आणि कोकणात खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की खळीवर बुरशी धरते. कसर आणि झुरळांना तर खळ म्हणजे मेजवानीच. शिल्प बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नये. अ‍ॅक्रेलिकच्या पेटीत ठेवलं तर तळाशी सिलिका जेलची पुडी हवी आणि ती दर महिन्याला वाळवायला हवी. प्लायवूडच्या तळाला वाळवी लागू शकते, म्हणून तो जमिनीपासून उचललेला असावा. उन्हाची तिरीप थेट पडू देऊ नये. संग्रहालयं कागदावर ५० लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात, म्हणजे जेमतेम संधिप्रकाश. घरात तेवढा अंधार शक्य नाही, पण खिडकीसमोरची जागा टाळणं शक्य आहे.

शिल्पाच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवावी: मूळ पुस्तक कुठलं, साल काय, कुठला गोंद, कुठला रंग, कुठलं रोगण. दहा वर्षांनी एखादं पान सुटलं तर दुरुस्त करणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही. पुढे एक स्पष्ट ओळ असावी, की कुठला भाग हाताने उघडायचा आणि कुठला नाही. प्रेक्षक ती वाचतीलच असं नाही, त्यामुळे उघडायच्या दाराला एक छोटी कापडी जीभ लावून ठेवावी. हात आपोआप तिकडे जातो.

आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो काढावेत. १९१९ मध्ये मार्सेल दुशाँ या फ्रेंच कलाकाराने ब्वेनोस आइरेसहून पॅरिसला आपल्या बहिणीला, सुझानला, लग्नाची भेट म्हणून पत्रातून एक सूचना धाडली: भूमितीचं पुस्तक दोऱ्यांनी बाल्कनीत टांगा, पानं वाऱ्याला उलटू द्या. तिने तसं केलं. वाऱ्यापावसाने पुस्तकाच्या चिंध्या केल्या आणि ते संपलं. त्याआधी तिने एक फोटो काढला होता, आणि १९२० मध्ये त्याचं एक तैलचित्रही केलं. आज त्या पुस्तकाबद्दल जे काही पाहता येतं, ते या दोन गोष्टींमुळे.